तड्यावरची काच

एका घाटाखालच्या गावात भैरू नावाचा एक मिस्त्री राहत होता. बोगदा खणला, की आतल्या उघड्या खडकावर जाड नळीने काँक्रीट फवारायचे, हे त्याचे काम. त्याचा हात असा बसलेला, की लोक म्हणत, "भैरूनं डोंगराला आतनं अस्तर शिवलंय." हे ऐकून भैरूची मान जरा जास्तच ताठ होई.

एका सकाळी गावाजवळचा बोगदा आरपार झाला. मग काय विचारता! हलगी वाजली, गुलाल उधळला. त्या नादात नव्या भिंतीवर पाणी मारायचे भैरू साफ विसरला. बोगद्यातून दिवसभर वारा वाहिला आणि भिंत भराभर वाळली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर केसाएवढा तडा दिसला. इंजिनिअर बाई पाहणीला येणार होत्या. भिंत पसंत पडली, तरच पलीकडच्या डोंगरातले काम त्याच्या टोळीला मिळणार होते.

मुकादम तातोबा हळूच म्हणाला, "मिस्त्री, सिमेंटचं पाणी फासा वरनं. कुणाला कळतंय?"

भैरूने कुंचला बादलीत बुडवलाही. इतक्यात त्याला आठवले, दिवाळीला लेक याच बोगद्यातून माहेरी येणार, कडेवर नातू असणार. त्याचा हात थांबला. त्याने बादली ओतून टाकली आणि तड्यावर आडवी काचेची पट्टी घट्ट चिकटवली. तडा वाढला, तर काच फुटणार आणि सगळ्यांना दिसणार.

तातोबाने कपाळावर हात मारला. "अवो, नव्या नवरीच्या तोंडाला पट्टी? गेलं आपलं काम!"

बाई आल्या. भैरू म्हणाला, "मॅडम, पाणी मारायचं ऱ्हायलं, चूक माझी. वाऱ्यानं तडकलं असंल. पन खातरी न्हाई, म्हणून काच लावलीय."

बाईंनी काच निरखून पाहिली. नव्या कामाचे नावही न काढता त्या निघून गेल्या. टोळीची तोंडे उतरली. भैरूला वाईट वाटले, पण झोप मात्र त्याला छान लागली.

पावसाळा सुरू झाला. पाऊस कोसळत राहिला आणि एके दिवशी काच मधोमध फुटली. म्हणजे दोष नुसता वाऱ्याचा नव्हता. भिंतीला मागूनही काहीतरी रेटत होते. बाईंनी तिथे भोक पाडायला लावले, तर मागे कोंडलेले झऱ्याचे पाणी धो धो बाहेर आले. तडा झाकला असता, तर त्या पाण्याने भिंत हळूहळू पोखरली असती आणि एक दिवस ती कुणाच्या तरी डोक्यावर आली असती. मग पाइप टाकून ते पाणी बोगद्याच्या तोंडाशी आणले, तडा नीट भरला आणि नवी काच लावली. ती पुढे कधीच फुटली नाही.

"पलीकडचा बोगदा तुमच्याच टोळीनं करायचा," बाई म्हणाल्या. "येताना काचा मात्र भरपूर आणा."

दिवाळीला लेक आली. बोगद्याच्या तोंडाशी एसटी थांबली, तेव्हा तिने कडेवरच्या लेकराला त्याच झऱ्याचे पाणी पाजले. भैरूला धन्य वाटले. शेजारी तातोबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "काच लावा म्हणून मीच मागं लागलो होतो!" भैरू नुसता हसला.

तात्पर्य: आपल्या कामातली खोट आपणच चारचौघांना दाखवावी, झाकून ठेवलेल्या खोटीवर कुणालाच इलाज करता येत नाही.