चारशे लेकींचा बाप

एक होती रेवती, एक तिचा नवरा बबन, आणि तिच्या मोबाइलात वसला होता चारशे बायकांचा ‘आमची चूल’ नावाचा ग्रुप. रेवती घरी अनारसे करून त्या ग्रुपवर विकायची. बबनचं काम सुटल्यापासून घर त्यावरच चालायचं.

ग्रुपचा ॲडमिन दिगंबरराव मसालेवाला, स्वतःवर भारी खूश. एकदा बायकांनी ठरवलं, आपल्याला एक लाडाचं नाव हवं. कुणी सुचवलं, ‘फोडणीकर’. दिगंबरराव गरजला, "छे! आजपासून तुम्ही सगळ्या ‘दिगंबररावांच्या लेकी’. पटत नसेल तिला काढून टाकतो."

रेवतीनं अनारसे तळता तळता विचार केला. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक जातं, हो म्हणावं तर खरा बाप बिचारा कुठं गेला?

मग तिनं लिहिलं, "बाबा, नाव आवडलं हो! अधिक महिना लागलाच आहे. उद्या जावयाला घेऊन धोंड्याचं जेवायला येते. त्यांना धोतर नको, पँटचं कापड चालेल. चांदीचं ताट मात्र लागेल."

लगेच दुसरी म्हणाली, "बाबा, आमच्या ह्यांना पुरण फार लागतं!" बघता बघता चारशे जावई निघाले की!

ते वाचून दिगंबररावाची बायको लाटणं घेऊनच बाहेर आली. "अहो, एवढं पुरण तुम्ही वाटणार का?"

दिगंबररावानं घाईघाईनं लिहिलं, "फोडणीकर! फोडणीकरच बरं!"

बायका हसून लोळल्या, आणि आपापल्या घरच्या खऱ्या जावयांच्या वाणाचे अनारसे त्यांनी रेवतीकडूनच मागवले. इतके, की बबनही कढईपाशी बसला, दाराशी दुकानाची पाटी लागली, आणि दोघांचं बरं चाललं.