खाचेच्या वर उरलेलं पाणी

एकदा एका वृद्ध तांडेलाने, म्हणजे गलबताच्या मुख्य नाविकाने, आपल्या शिष्याच्या हाती एक काठी दिली. म्हणाला, "पाच दिवसांचा पल्ला. माणसं आठ, गोड्या पाण्याचं पिंप एक. रोज सूर्य बुडताना पिंपात पाणी कुठवर असायला हवं, तिथे आजच खाच पाड. हे काम साधलंस तर पुढच्या फेरीला गलबत तुझं."

शिष्य हरखला. दहा वर्षं तो याच एका वाक्याची वाट पाहत होता. त्याने सुतारही लाजेल अशा नेमक्या, समान अंतरावर पाच खाचा पाडल्या. तांडेलाने काठी न्याहाळली आणि खुशाल समुद्रात भिरकावून दिली!

"अरे, सगळे दिवस काय जुळे भाऊ आहेत? तिसऱ्या दिवशी भूशिराला वळसा घालायचा. तिथे वारा पडला तर वल्ही मारावी लागतील. घाम गाळणारा आणि पडून राहणारा सारखंच पाणी पितो होय?"

मग एकेका खलाशाला विचारून दोघांनी नवी काठी केली. खाचा कुठे दाट झाल्या, कुठे विरळ. शेवटच्या खाचेखालचं चार बोटं पाणी मात्र कोणत्याच दिवसाच्या नावे लिहिलं नाही.

दोन दिवस काठीबरहुकूम गेले. तिसऱ्या दिवशी वारा पडला तो असा, की समुद्र आणि आभाळ एकाच फिकट रंगात विरघळून गेले. क्षितिज नाहीसं झालं. शीड झोपी गेल्यासारखं लोंबत होतं आणि खलाशी वल्ही मारत होते, पण आपण पुढे जातोय की जागीच आहोत, हेही कुणाला उमगत नव्हतं. संध्याकाळी काठी पाहून शिष्य तांडेलाकडे धावला. पाणी खाचेच्या दोन बोटं खाली!

"बाबा, घात झाला."

तांडेल हसला. "दिवसभर वल्ही मारली पोरांनी. अंदाजापेक्षा जास्तच मारली. ते चार बोटं पाणी कशाला ठेवलं होतं? उद्याच्या खाचा नव्याने पाडू आणि झोपू."

खाचा नव्याने पाडल्या, पण शिष्याला झोप कुठली! खाच चुकली ती माझ्या हातून, हेच त्याच्या मनात घोळत राहिलं. चौथ्या दिवशी मंद वारा सुटला, गलबत धुक्यातून तरंगत निघालं आणि शिष्याने तांडेलाला न सांगता प्रत्येकाला अर्धाच तांब्या दिला. कुणी कुरकुरलं, कुणी हट्टाने मागून घेतलं. सुकाणूवरचा म्हातारा धाकू मात्र हूं की चूं न करता मिळालं तेवढं प्याला. विरळ धुक्यातूनही ऊन भाजत होतं आणि त्याच्या डोक्यावर सावलीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी शिष्य काठी मिरवतच आला. "बाबा, पाहा! पाणी खाचेच्या दोन बोटं वर!"

शाबासकी राहिली बाजूलाच. तांडेल ताडकन उठला आणि ओरडला, "शीड उतरवा!"

खलाशी दोरांकडे धावले, पण मनात एकच प्रश्न होता. काल पाणी घटलं तेव्हा हसणारा माणूस आज पाणी उरल्यावर घाबरतो? तांडेल एकेकाचं तोंड न्याहाळत सुकाणूपाशी पोहोचला. धाकू ताठ बसला होता, डोळे उघडे होते, ओठ मात्र फुटले होते. हाक मारली तरी त्याला ऐकू गेलं नाही. आणि समोर, हाकेच्या अंतरावर, धुक्यात खडकावर फेस फुटत होता.

तांडेलाने सुकाणू फिरवलं. गलबत खडकाला घासता घासता वाचलं. शिष्याने धाकूच्या ओठांना तांब्या लावला. एक, दोन, तीन घोट. मग धाकूने त्याच्याकडे ओळखीने पाहिलं आणि शिष्य हुंदके देऊन रडला.

तांडेल शेजारी बसला. "काल पाणी का घटलं, ते मला ठाऊक होतं. आज का उरलं, ते ठाऊक नव्हतं. काठी फक्त फरक दाखवते रे. कारण माणसांत जाऊन शोधावं लागतं. आणि घटल्याची भीती तर सगळ्यांनाच वाटते. उरल्यावरही ज्याची झोप उडते, तो तांडेल."

एक दिवस उशिरा, सहाव्या दिवशी, गलबत बंदराला लागलं. मालाचा धनी असलेला व्यापारी पिंपात डोकावला आणि खूश झाला. "वा! पाणी उरलं की! पुढच्या खेपेला पिंप लहान घेऊ, दोन पोती माल जास्त मावेल."

तांडेलाने शिष्याकडे पाहिलं.

"शेटजी," शिष्य म्हणाला, "किती उरलं ते काठी सांगेल. पण कुणाच्या तोंडचं काढून उरलं, ते आधी धाकूआजांना विचारा."

तांडेलाने खांद्यावरचा पंचा झटकला आणि तो गलबत शिष्यावर सोपवून घराकडे चालू लागला. मागे वळून त्याने एकदाही पाहिलं नाही.

आपल्याकडेही मार्चअखेर खर्च अंदाजपत्रकापेक्षा कमी दिसला की कचेरीत पेढे वाटतात. जरूर वाटावेत, फक्त पहिला पेढा घेऊन साहेबांनी स्वतः सुकाणूवरच्या धाकूपर्यंत जाऊन यावं.