आभाळ फाटले तेव्हा

एका खोल दरीतल्या जंगलात, नदीकाठच्या वाळूत, एक कासवीण राहत असे. दरीत थंडी फार. म्हणून तिथल्या प्राण्यांनी कोण जाणे केव्हापासून एक मोठी शेकोटी पेटवून ठेवली होती, आणि ती कधीच विझू द्यायची नाही असा रिवाज होता. शेकोटीत जळायचा काळा दगड. घुशी जमिनीच्या पोटातून तो उकरून काढत आणि त्याच्या बदल्यात सगळे त्यांना दाणापाणी देत. शेकोटीपाशी कुणी किती जवळ बसायचे हे मात्र कोल्हा ठरवी. त्यामुळे एरवी ज्याला कुणी विचारले नसते, त्याला सगळे 'कोल्होबा' म्हणत, आणि अस्वलसुद्धा त्याच्यापुढे मान खाली घालून बोलत असे.

मुलांनो, आता गंमत ऐका. त्या दगडाचा धूर दरीच्या एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत घोंगडीसारखा पसरलेला असे. त्याच्याखाली सारे जंगल अर्धवट झोपेत असल्यासारखे वावरायचे. पाखरे हळू आवाजात बोलायची. सकाळी धूर जरा पांढुरका दिसे, संध्याकाळी जरा काळसर, एवढाच काय तो दिवस. जन्मल्यापासून डोक्यावर तेच पाहिलेले, तेव्हा सगळे त्या धुरालाच 'आभाळ' म्हणत. खरे आभाळ त्याच्या पलीकडे असते हे एकट्या कासविणीला ठाऊक होते, कारण कासवे फार जगतात. अधूनमधून तिला ते स्वप्नात दिसे. निळे असे आणि नदीसारखे संथ वाहत असे.

या कासविणीला एक दुःख होते. कासवाची अंडी आई उबवत नाही, वाळू उबवते, आणि वाळूला तापवते ऊन. गेल्या साली धुराखालची वाळू गारच राहिली आणि एकही पिल्लू बाहेर आले नाही. यंदा तिने पुन्हा अंडी घातली होती. ती वाळूला गाल लावून पडून राही आणि आत काही हलते का ते ऐकत असे. काहीच ऐकू येत नसे. शेवटी न राहवून ती जंगलाच्या कारभाऱ्याकडे, म्हाताऱ्या गव्याकडे गेली. "आबा, तेवढा धूर कमी करा हो," ती म्हणाली. "माझ्या पिल्लांपुरतं तरी ऊन मिळू दे."

"ऐकलंत का?" कोल्हा ओरडला. "मावशी आपलं आभाळच काढून टाकायला निघाल्या! अहो, आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार?" हे ऐकून ससे घाबरून बिळात शिरले. गवा मनाने चांगला, पण नाही म्हणायला भिणारा आणि हो म्हणायला त्याहून भिणारा. तो म्हणाला, "बघू, बघू." 'बघू'चा अर्थ काय असतो, हे मोठ्या माणसांकडे काही मागितलेल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. कासवीण आपल्या वाळूकडे परत गेली.

पुढे एके सकाळी एक घूस ओलीचिंब होऊन वर आली. "आबा, खाली पाणी लागलं. दगड संपत आलाय." शेकोटी मंदावली, तसे सगळ्यांचे धाबे दणाणले. कोल्हा मात्र शेपूट फुलवून म्हणाला, "त्यात काय एवढं! नदीकाठच्या वाळूखाली हवा तेवढा दगड आहे. आत्ताच खणायला घेऊ." हे कासविणीच्या कानावर गेले. कासवाचे धावणे ते काय, पण त्या दिवशी ती खरोखर धावली. अंड्यांवर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "खणायचंच असेल तर आधी मला खणा."

सगळे वाळूवर जमले. घुशी नखे आवरून उभ्या, गवा खाली मान घालून उभा. इतक्यात वाऱ्याची एक झुळूक आली. मंद शेकोटीचा विरळ धूर हलला आणि काय सांगू, आभाळ फाटले! "फाटलं! फाटलं!" एकच ओरड झाली. सगळ्यांनी डोळे गच्च मिटले. पण डोक्यावर काही कोसळले नाही. पाठीवर काहीतरी कोवळे, कोमट येऊन बसले. एकेकाने डोळे उघडले. वर निळे भोक पडले होते आणि त्यातून पिवळे ऊन थेट वाळूवर उतरत होते. गवा पुटपुटला, "लहानपणी आई पाठ चाटायची, अगदी तसंच." अस्वल तर चक्क लोळू लागले. ठिगळ लावायची आठवण कुणालाच झाली नाही.

"आणि अंधार पडल्यावर? ढग आल्यावर?" कोल्ह्याने विचारले. विचारणारा कोल्हा असला तरी प्रश्न खोटा नव्हता.

"नदीकाठच्या त्या काळ्या कातळाला रात्री पाठ लावून बघा," कासवीण म्हणाली. "ऊन मिळालं की दिवसभर पितो तो, मी पाहिलंय. पहाटेपर्यंत ऊब सोडत राहतो."

"ते खरं हो मावशी," घूस हळूच म्हणाली, "पण आमच्या पोटाचं काय? खणण्यापलीकडं आम्हाला येतं काय?"

 गव्याने मान वर केली, आणि या खेपेला तो 'बघू' म्हणाला नाही. "वाळूला कुणी नख लावायचं नाही. घुशींनी कातळाच्या पोटाशी, उन्हाकडं तोंड करून बिळं खणायची, सगळ्यांसाठी. दाणापाणी आजवर मिळालं तसंच मिळेल. शेकोटी एकदम विझवायची नाही. उरलेल्या दगडावर ती म्हाताऱ्यांसाठी आणि ढगाळ दिवसांसाठी राहू दे. बिळं वाढतील तशी ती लहान करत जायची." याला शहाणी माणसे 'धोरण' म्हणतात. गवा नुसते "ठरलं" म्हणाला.

तो हिवाळा काही सुखाचा गेला नाही. ढग आले की लहान शेकोटीभोवती रेटारेटी होई, आणि कोल्हा "जुनं ते सोनं" म्हणत सगळीकडे फिरे. पण बिळे वाढत गेली, निळे भोक पसरत गेले. पुढे कोल्हाच कातळाची सगळ्यांत उबदार जागा अडवून, ही युक्ती मुळात आपलीच, असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. त्याचे ऐकून सगळे गालात हसत.

आणि एका दुपारी वाळू कुरकुरली. सगळी अंडी फुटली नाहीत. काहींना ऊन उशिरा पोहोचले होते. त्यांच्यावर कासविणीने पुन्हा हलक्या पायाने वाळू ओढली, आणि तिचे डोळे भरून आले. पण बाकीची पिल्ले नाण्याएवढी पाठ सावरत उन्हात आली आणि नदीकडे निघाली. त्यांच्यापुढे घूस चालली होती. पिल्ले कुठे अडखळू नयेत म्हणून ती आपल्या नखांनी वाळूतली वाट सपाट करत होती.

तात्पर्य : पुरलेले कधी ना कधी सरते, उगवणारे रोज येते. सरण्याआधीच घराचे दार उगवतीकडे फिरवावे. आणि ते फिरवताना, आजवर ज्यांनी खणून ऊब दिली त्यांचे पोट विसरू नये.