दहा अक्षरं कमी

एका गावात केरबा म्हणून एक भोळा गडी होता. आता भोळा म्हणजे किती? 'थांब जरा' म्हटलं की संध्याकाळपर्यंत तिथंच उभा. या बहाद्दराचा जीव जडला शेलार गुरुजींच्या इंदूवर. तिलाही तो पसंत होता. का, ते तिचं तिला ठाऊक. पण गुरुजी पडले कवी. कविता कळणाराच जावई करीन, असा त्यांचा हट्ट, आणि त्यापायी सात स्थळं परत गेलेली.

केरबानं मामाला गाठलं. मामा म्हणाला, सोपं आहे, ओळ आवडली की 'वा, पुन्हा एकदा' म्हणायचं.

वाटेत एका घरी म्हातारा वारला होता. म्हातारी त्याच्या आठवणी काढून मोठ्यानं रडत होती. रडत सुरेख होती.

"वा आजी, पुन्हा एकदा," केरबा म्हणाला.

चार नातवांनी मिळून त्याला धुतला. मामानं कपाळावर हात मारला. अरे गाढवा, रडणाऱ्याचे डोळे पुसावेत, 'सुटले बिचारे' म्हणावं.

मग केरबा गुरुजींकडे गेला. गुरुजींनी लेक सासरी निघाल्याची आपली कविता म्हटली आणि म्हणता म्हणता स्वतःच रडायला लागले. केरबानं उपरण्यानं त्यांचे डोळे पुसले आणि म्हणाला, "सुटली बिचारी."

गुरुजी गहिवरले. करुण रस इतका नेमका आजवर कुणी ओळखला नव्हता म्हणे. लग्न ठरलं.

तेवढ्यावर गुरुजी थांबतात होय? त्यांनी जावयाला वृत्तही शिकवलं. शार्दूलविक्रीडित म्हणजे ओळीला अक्षरं एकोणीस. कमी भरली तर कवीला तिथंच अडवायचं, ओळ पुरी झाल्याशिवाय सोडायचं नाही, मग तो कवी मी का असेना.

मंगलाष्टक गुरुजींनीच रचलं, त्याच वृत्तात. म्हणायलाही तेच उभे. अंतरपाटाच्या अलीकडे केरबा, पलीकडे इंदू. केरबानं हार काखेत मारला आणि बोटं मोजायला लागला. चारही ओळी एकोणीस. मग गुरुजी म्हणाले, "शुभमंगल सावधान." लोकांनी अक्षता उचलल्या.

"थांबा," केरबा म्हणाला. "नऊच भरली. दहा कमी आहेत."

ती ओळ तेवढीच असते, असं भटजींनी परोपरीनं सांगितलं. मुहूर्त टळत चालला होता. पण धडा गुरुजींचाच. भर बाबा तूच काहीतरी, म्हणाले.

केरबाच्या मनात एकच होतं. 'मला ही नवरी पाहिजे.' मोजलं तर नऊ. पुन्हा मोजलं, तरी नऊच. बिचाऱ्याला घाम फुटला. मग एकदम सुचलं, आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं तो म्हणाला,

"शुभमंगल सावधान, मला ही नवरी नको आहे."

अंतरपाट खाली यायच्या आत इंदू पाटावरून उतरून घरी गेली. गुरुजींनी बोटांवर मोजून पाहिलं. एकोणीस बरोबर भरली होती. केरबा अजून शाबासकीची वाट बघतोय.