उजवा रकाना

११ ऑक्टोबर, रविवार. गावावर आकाश निरभ्र, वारा पडलेला. पश्चिमेच्या डोंगरावर ढगांची काळी रेघ.

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध यंत्रज्ञ आणि त्यांची शिष्या पूर-सूचनेचे लहानसे केंद्र सांभाळत असत. वर डोंगरात, नदीच्या उगमाजवळ, पाण्याची पातळी मोजली जाई. ती दर मिनिटाला केंद्रात येई. पातळी चार मीटरच्या वर गेली की गावाखालच्या फरशी पुलावर भोंगा वाजे, आणि पुलावरचा चौकीदार दोन्ही बाजूंचे अडसर खाली पाडी. डोंगरातले पाणी पुलाशी पोचायला दोन तास लागत. पुलापाशी फोनला रेंज नव्हती. पलीकडच्या काठावर दर रविवारी बाजार भरे आणि अर्धे गाव दुपारी त्याच पुलावरून परते. त्या माणसांचा जीव त्या भोंग्यावर होता.

भोंगा वाजवणारी व्यवस्था शिष्येने नुकतीच नव्याने मांडली होती. सर्व्हरच्या पोटात तिने एक आभासी यंत्र उभे केले होते. असे यंत्र केवळ आज्ञावलीने घडते. त्याला स्वतःचा पंखा नसतो की तार नसते, तरी आपण एक संपूर्ण यंत्र आहोत अशी त्याची समजूत असते. या यंत्रात तीन कंटेनर होते. केंद्रात त्यांना डबे म्हणत, कारण प्रत्येकात एकेका कामाची आज्ञावली तिच्या सगळ्या शिदोरीसह बंद केलेली असे. एक डबा पातळी वाचे, दुसरा निर्णय घेई, तिसरा भोंगा वाजवी.

शिष्या काम नेटके करी. आधी तिने जुन्या सर्व्हरवर सरावाचे यंत्र बांधले, त्याचे घड्याळ बरोबर एक वर्ष मागे लावले आणि त्याला गेल्या वर्षीच्या नोंदी वाचायला दिल्या. सराव उत्तम झाला. मग तिने त्या यंत्राची हुबेहूब नक्कल नव्या सर्व्हरवर उतरवली, नकलेचे घड्याळ चालू वेळेला आणले, तिला डोंगराशी जोडले आणि मूळ यंत्र बंद केले. जुना सर्व्हर कोपऱ्यात कापडाखाली राहिला.

वृद्धांची एक पद्धत तिला मात्र पटत नसे. खोलीला खिडकी नव्हती. तरी रोज सकाळी आत येण्यापूर्वी बाहेरच्या पायरीवर उभे राहायचे, आकाश पाहायचे, आणि वहीच्या डाव्या रकान्यात तारीख, वार व हवा लिहायची. नंतर आत येऊन तारीख आणि वार यंत्राला विचारायचा आणि त्याचे उत्तर उजव्या रकान्यात लिहायचे.

"सर, यंत्राला वार विचारायचा?" ती एकदा म्हणाली होती. "उद्या त्याची रास पण विचारू का?"

"रास नको," वृद्ध म्हणाले होते. "वार पुरे."

दोन ऑक्टोबरला वृद्धांना ताप भरला आणि ते घरी राहिले. त्याच दिवशी वीज चार तास गेली, इन्व्हर्टरही उतरला; मग वीज आली आणि पडदा पुन्हा उजळला. शिष्येने तसे टिपून ठेवले. पुढे नऊ दिवस ती एकटीच होती. आकाश ती रोज पाहत होती. यंत्राला मात्र तिने विचारले नाही. डाव्या रकान्यातली तारीख आणि वार तिने रोज उजव्या रकान्यात उतरवले. उत्तर तेच येणार होते, असा तिचा हिशेब होता.

अकरा तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास वृद्ध पहिल्यांदा घराबाहेर पडले. केंद्राच्या वळणावर ठकूबाई पाटी घेऊन बसली होती. तिचे घर वरच्या वस्तीत. दर रविवारी उतरून ती दोन तास इथे भाजी विकी आणि मग पुलापलीकडच्या बाजाराला जाई.

"आवो सर, उठलात व्हय तापातनं? किती वाळलाय," ती म्हणाली. "वांगी घ्या. भिजलेली हायेत म्हणून स्वस्त देते."

"भिजली कशी? इथं तर थेंब नाही."

"इथं न्हाई. वर धो धो लागलंय पहाटेपास्नं. वढ्याला गढूळ पाणी आलंय, धुणं परत नेलं बायांनी. तुमचं मशिन झोपलंय का काय?"

वृद्धांनी वांगी घेतली आणि ते नेहमीपेक्षा जरा भरभर चालू लागले.

खोलीत थंडावा होता आणि पंख्यांचा एकसुरी आवाज. शिष्या उठून उभी राहिली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिले होते: पातळी १.३८ मीटर, उतरती. सर्व ठीक. त्याखाली बारीक अक्षरांत: पाहणी, कोंडिबा.

वृद्ध त्या शेवटच्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"कोंडिबा कसा आहे?" त्यांनी विचारले.

"एकदम वक्तशीर, सर. नऊ दिवसांत एक नोंद चुकलेली नाही. मी अजून बघितलं नाही त्यांना, पण वर एकटेच असतात ना? दिवाळीला त्यांना फराळ पाठवायचा विचार आहे."

शिष्या या केंद्रात उन्हाळ्यात आली होती. वृद्धांनी पिशवी खाली ठेवली.

"तुझं यंत्र बंद कर."

"कुठलं?"

"नवं. ज्यावर भोंगा आहे ते."

"सर, बाजाराचा दिवस आहे. पाऊसकाळ अजून सरला नाही. ते बंद केलं तर पूल उघडा पडेल."

"कर."

"तापात आहात का अजून?" तिच्या तोंडून निघून गेले आणि ती ओशाळली. तिने आज्ञा टंकली. यादीत यंत्राच्या नावापुढे शब्द उमटला: बंद. तिन्ही डबे त्याच्याबरोबर थांबले. तिने खात्रीसाठी पुन्हा यादी मागवली. बंद.

पडदा हिरवाच राहिला. मिनिट उलटले आणि आकडा हलला. पातळी १.३७ मीटर, उतरती. सर्व ठीक. पाहणी, कोंडिबा.

शिष्येचा हात कळफलकावरून मागे आला.

"यंत्र बंद आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मग हे कोण बोलतंय?"

"कोंडिबा माघात गेला," वृद्ध म्हणाले. "त्याच्या मातीला मी होतो. त्यानंतर वर माणूस नेमलाच नाही. आता नुसतं उपकरण आहे, आणि ते नाव सांगत नाही."

आणखी एक मिनिट गेले. १.३६. मेलेला माणूस, बंद पडलेल्या यंत्रातून, पाणी उतरत असल्याचे सांगत होता.

मग शिष्येची नजर कोपऱ्याकडे गेली. ती उठली आणि तिने जुन्या सर्व्हरवरच्या कापडावर हात ठेवला. कापड कोमट होते. खाली एक हिरवा दिवा संथपणे मिचकत होता.

"मी हे बंद केलं होतं," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

"वीज गेली होती ना? आली की आपोआप उठायचं, असं त्याला कुणी सांगून ठेवलं होतं?"

तिने आठवून पाहिले. सरावात वीज जाई म्हणून तिनेच ती खूण केली होती, आणि मग ती काढायची राहिली. नक्कल करताना आणखी एक गोष्ट राहिली होती. दोन्ही यंत्रांचा पत्ता एकच होता. दोन घरांवर एकच पाटी असावी आणि पोस्टमनने जे दार आधी उघडेल तिथे पत्र टाकावे, तसे झाले होते. वीज आल्यावर जुने यंत्र आधी उठले. डोंगरातून येणारे प्रत्येक वाचन त्याच्या दारात पडत होते आणि ते न उघडता बाजूला ठेवून ते आपल्या जवळच्या, गेल्या वर्षीच्या नोंदी वाचत होते. पडदाही त्यालाच विचारत होता. नवे यंत्र नऊ दिवस रिकाम्या हातांनी वाट पाहत बसले होते. वाचन आले नाही तर ओरडायचे, हे त्याला शिकवायचे राहून गेले होते.

तिने जुन्या यंत्राला विचारले: आज काय?

ते लगेच म्हणाले: ११ ऑक्टोबर, शनिवार.

शिष्येने वही ओढली नाही. तिने जुन्या सर्व्हरची तारच उपटली. पंखा घरघरत थांबला, हिरवा दिवा विझला, पडद्यावरची अक्षरे नाहीशी झाली. तिने नवे यंत्र पुन्हा सुरू केले. पहिला डबा उठला, मग दुसरा, मग तिसरा. पडदा काळाच होता. ती मिनिटे मोजत होती की श्वास, हे तिला सांगता आले नसते. मग आकडा उमटला.

पातळी ४.८५ मीटर. चढती.

लांबून, नदीच्या बाजूने, भोंगा ऐकू आला.

"ठकूबाई," शिष्या म्हणाली. "बाजाराला गेली असेल ती."

"अजून पाणी दोन तासांच्या वाटेवर आहे. चौकीदार आहे तिथं. आता आपल्या हातात एवढंच, की यावरची नजर हलवायची नाही."

दोघे पडद्यासमोर बसले. ४.९१. ४.९८. ती म्हणाली, "सर, ते नऊ दिवस खोटं बोलत होतं आणि मला कळलं नाही."

वृद्धांनी मान हलवली.

"ते खोटं बोललं नाही. डब्यांना स्वतःचं घड्याळ नसतं. ज्या यंत्रात ठेवाल त्याचा काळ तोच त्यांचा काळ. आणि यंत्राला तू सांगितलंस की हे गेलं साल आहे. त्याच्या जगात आज शनिवार आहे, पाणी उतरतं आहे, कोंडिबा जिवंत आहे. आतून पाहिलं तर त्या जगात कुठंही भेग नाही. सगळं जुळतं. तारीख जुळते, तास जुळतो. फक्त वार जुळत नाही, आणि तोही बाहेरून कुणी विचारल्याखेरीज उघडा पडत नाही. म्हणून मी तुला पायरीवर उभं करत होतो. पायरी कुठल्याही यंत्राच्या आत नाही."

"पायरीवर मी रोज उभी राहिले, सर."

"राहिलीस. आणि मग उजव्या रकान्यात त्याचं उत्तर तूच लिहिलंस. त्याच्या तोंडी तुझे शब्द घातलेस आणि ते त्याचे म्हणून वाचलेस. त्या यंत्रानंही गेले नऊ दिवस दुसरं काही केलं नाही." त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. "कोंडिबाला फराळ पाठवणार होतीस, ऋजुता. नऊ दिवस तूही तिथंच राहत होतीस."

तिने वही उघडली. दोन तारखेपासून दहा तारखेपर्यंतच्या उजव्या रकान्यातल्या नऊ नोंदींवर तिने एकेक रेघ मारली, प्रत्येकीपुढे 'विचारले नाही' असे लिहिले आणि खाली सही केली. मग ती बाहेर पायरीवर गेली. काही वेळाने आत आली, यंत्राला तारीख आणि वार विचारला, आणि सकाळी उजवीकडे कोऱ्या राहिलेल्या अकरा तारखेच्या ओळी नव्याने लिहून रात्रीपर्यंत पूर्ण केल्या. त्या अशा:

डावीकडे: ११ ऑक्टोबर, रविवार. गावावर ऊन. पश्चिमेचे डोंगर दिसत नाहीत.

उजवीकडे: ११ ऑक्टोबर, रविवार. भोंगा दुपारी १.०४. अडसर खाली १.११. फरशी पुलावर पाणी ३.०९, सर्वाधिक उंची साडेचार फूट, ओसरले ७.४०. पलीकडे अडकलेली माणसे दोनशे चौदा, त्यांत ठकूबाई. एक हातगाडी वाहून गेली. पुलावर माणूस नाही, जनावर नाही.