डोहाची बाजू

मुलांनो, जंगलाच्या कडेला, एका डोहाकाठच्या जांभळीवर एक साळुंकी राहत असे. वकिली हा तिचा धंदा. न्यायनिवाडा करणाऱ्या म्हाताऱ्या हत्तीपुढे ती इतरांची भांडणे मांडी. तिचा नियम एकच : जो येऊन गाऱ्हाणे सांगेल त्याचीच बाजू घ्यायची, न बोलावता मध्ये पडायचे नाही. एकदा कासव माशांचे गाऱ्हाणे घेऊन आले. साळुंकी अशी काही बोलली, की रानम्हशींना डोहात उतरायची कायमची मनाई झाली. पुढच्या निवडणुकीत साऱ्या डोहकाठाने तिलाच टेकडीवर, सिंहाच्या सभेत पाठवले.

टेकडीवर वर्षे गेली. सकाळपासून तिच्या फांदीखाली रांग लागे. कोणाला कुरण हवे, कोणाला वाट. ऐकता ऐकता तिची पिसे झडली, आवाज बसला. डोहाकडे जाणे रोज राहून जाई. तिला वाटे, काही अडलेच तर येतील की!

एका उन्हाळ्यात सभेत विषय निघाला, की डोहात येणारा ओढा वळवून म्हशींच्या लोळायच्या खड्ड्याकडे न्यावा. म्हशी आदल्याच दिवशी सगळ्यांना भेटून गेल्या होत्या.

"डोहातर्फे कोणी बोलणार आहे का?" सिंहाने विचारले.

साळुंकीने रांगेकडे पाहिले. "माझ्याकडे तरी कोणी आलेले नाही, महाराज," ती थकून म्हणाली.

ठराव झाला. रानडुकरांनी त्याच दुपारी बांध घातला.

तिसऱ्या दिवशी टेकडीच्या चढावर तिला कासव दिसले. ते धापा टाकत होते.

"कासवदादा, इतका उशीर केलात?"

"आठ दिवस चालतोय, वकीलबाई. म्हशींचा बेत कळला तसा निघालो. मासे काही चालत येणार नाहीत. पण तुम्हाला तर पंख होते!"

साळुंकी हळूच म्हणाली, "उद्या सभेत पुन्हा विषय काढते."

"काढा. तोवर मासे थांबले तर बरं."

साळुंकी तशीच उडाली, पहिल्यांदाच न बोलावता. डोहात चिखल उरला होता. काठावर बगळे पोटभर जेवून, एका पायावर डुलक्या घेत होते.

तात्पर्य : जो हाक मारील त्याच्यासाठी बोलणे हे वकिलाचे काम, पण लोकांनी निवडून दिलेल्याने, ज्यांची हाक पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत आपण होऊन गेले पाहिजे.