हाकेपलीकडची पेठ

राजा उग्रप्रतापाच्या पेठेत माणसांपेक्षा घुबडं जास्त झाली होती! चंद्रावती शहराच्या तटाबाहेर, ओढा ओलांडून बरंच पुढे गेलं की ही पेठ लागायची. राजाच्या आजोबांनी ती मोठ्या हौसेनं वसवलेली. पण कौलं फुटली, भिंतींचे पोपडे पडले आणि एकेक करून सगळे तटाच्या आत राहायला गेले. तिथं एकेका खोलीत आजी, सून, नातवंडं सगळी दाटीवाटीनं कोंबलेली, तरी बाहेर यायला कुणी तयार नाही. पेठेत उरले दोघंच, वेशीचा राखणदार धोंडजी आणि त्याची लेक येसू.

"दिवाणजी!" राजा एके दिवशी कडाडला. "दसऱ्याला पाहुणे राजे येणार. त्या दिवशी पेठेतल्या घराघरातून चुलीचा धूर निघाला पाहिजे!"

दिवाणजींनी डोकं चालवलं. ओट्याओट्यावर पागोटं घातलेली बुजगावणी बसवली, घरांत बकऱ्या बांधल्या आणि चुलींत ओला पाला पेटवत एका माणसाला गल्लोगल्ली पळवलं. राजा पाहणीला आला, तर धुरानं बकऱ्या शिंकत बाहेर! एकीनं तर बुजगावण्याचं पागोटंच खाल्लं. गडबडीत दिवाणजी दुसऱ्या बुजगावण्याला म्हणाले, "रामराम पाटील!" वेशीत उभी असलेली येसू खो खो हसली.

"कोण हसलं?" राजा गरजला.

"मी, महाराज. पण माझ्या आधी बकरी हसली!"

"एवढी हुशार असशील तर तूच भर ही पेठ! खजिन्यातून छदाम मिळणार नाही. शिपाई मिळणार नाहीत. कुणावर जबरदस्ती चालणार नाही. आणि दसऱ्याला एका जरी घराचा धूर दिसला नाही, तर पेठ पाडून हत्तीखाना बांधीन. तुम्ही बापलेक त्यातली लीद काढत बसा!"

धोंडजीच्या घराच्या भिंती येसूच्या आईनं स्वतःच्या हातांनी लिंपल्या होत्या. आई गेली, भिंती तेवढ्या राहिल्या होत्या. त्यांवर पहार पडणार या विचारानं तिला रडू आलं आणि राजाचा सणसणून रागही आला.

"पोरी, तुझ्या जिभेला काही हाड?" धोंडजी कळवळला.

"आबा, ओरडू नका. जरा ऐका. काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"मग झालं तर!" येसू म्हणाली आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, पैसा नको, शिपाई नकोत. एका सकाळपुरत्या आईसाहेब उसन्या द्या!"

आईसाहेब म्हणजे राजाची आई, राजमाता. राजमातेनं माजघरातून हाक मारली की दरबाऱ्यांच्या हातातले विडे गळून पडत. राणीला तर घोटभर पाणीही सुखानं पिता येत नसे.

"राणीसाहेबही लागतील," येसू पुढे म्हणाली. "आणि एक दवंडी, जो घर शाकारील त्याचं घर!"

खजिन्याला झळ नव्हती, म्हणून राजानं होकार दिला. ठरल्या सकाळी राजमाता तटाच्या बुरुजावर उभ्या राहिल्या. पेठेतल्या एका ओट्यावर राणी बसली आणि तिच्याभोवती शहरातल्या सगळ्या सुना जमल्या. येसूनं पदर हलवला. राजमातांनी कमरेवर हात ठेवले आणि हाक मारली, "सूनबाईऽऽऽ!"

बुरुजावरची कबुतरं उडाली. तोफ डागली असं समजून गोलंदाजानं कान झाकले. पागेतल्या घोड्यानं दावं तोडलं!

आणि पेठेत? काही नाही. लांब बुरुजावर आईसाहेबांचं तोंड तेवढं उघडमीट होताना दिसत होतं.

"कधी मारणार हाक?" राणीनं विचारलं.

"मारून झाली, राणीसाहेब. तीनदा."

राणी खांबाला टेकली. पाय लांब केले. तांब्याभर पाणी सावकाश संपवलं. तिचे डोळे भरून आले. सगळ्या सुना बघतच राहिल्या. मग एकजण हळूच पुटपुटली, "ते कोपऱ्यावरचं घर माझं हं!" आणि एकच झुंबड उडाली!

दुपारपर्यंत पेठेच्या छपरांवर पाय ठेवायला जागा नव्हती. घरी पाण्याचा पेलाही स्वतः न उचलणारे नवरे डोक्यावर कौलं वाहू लागले. सोनार चिखल तुडवत होता, भटजी वासे ओढत होते. खालून बायका ओरडत होत्या, "अहो, ते डावीकडचं! तिथून गळेल!"

मग सासवांचा मोर्चा दरबारात आला. "महाराज, ही कार्टी आमची घरं फोडते!"

"आजी," येसूनं पुढच्या म्हातारीला विचारलं, "भांडी घासताना सून पुटपुटते, ते ऐकू येतं?"

"न ऐकू यायला काय झालं! शब्दन् शब्द!"

"पेठेतून येईल?"

"छे!" म्हणत म्हातारी तडक घरी गेली आणि आपलं सगळ्यात मोठं पातेलं तिनं स्वतः उचलून मुलाच्या डोक्यावर ठेवलं.

दसरा उजाडला. पाहुणे राजे सज्जात बसले होते. पेठेत जिकडे बघावं तिकडे नवी कौलं आणि त्यांवर धूर! फक्त मधल्या एका घरावर धुराची रेघसुद्धा नव्हती.

"हरलीस!" राजानं मांडीवर थाप मारली. "हत्ती आणा!"

धोंडजीनं डोळे मिटले. येसू मात्र पुढे झाली.

"आणा की! पण ते घर राणीसाहेबांचं आहे. पदर खोचून कौलं त्यांनीच चढवली, दिवाणजींनी शिडी धरली. चूल मांडून, पण न पेटवता, राणीसाहेब घरधन्याची वाट बघतायत. आणि घरधनी इथं बसून हत्ती मागतोय!"

तेवढ्यात माजघरातून हाक आली, "उग्रूऽऽऽ!" पाहुण्या राजांनी माना खाली घातल्या.

राजानं माजघराकडे बघितलं, पेठेकडे बघितलं आणि असा हसत सुटला, की मुकुट नाकावर आला. हसतहसतच त्यानं हातातलं सोन्याचं कडं येसूला दिलं, धोंडजीचं घर वंशपरंपरा त्याच्या नावे केलं, पेठेचा सगळा कारभार येसूकडे सोपवला आणि काखोटीला गादी मारून ओढ्याच्या वाटेनं धूम ठोकली!